आपल्या अभिप्रायास उत्तर : 14 दिवसांच्या मुदतीविषयी

सप्रेम नमस्कार.

आपण आमच्या औषधालयाला पाचपैकी दिलेला एक तारा आणि त्याखालचा मजकूर मी कालपासून अनेकदा वाचला. वडिलांच्या तोंडाच्या कर्करोगावर रेडिएशन चालू असताना आणि आईचे गुडघे संधिवाताने आखडलेले असताना आम्ही मिसळून देतो त्या गुळण्यांच्या औषधासाठी आपल्याला आमच्याकडे फेऱ्या माराव्या लागल्या, शिवाय काउंटरवर तुटक उत्तरे ऐकावी लागली, याबद्दल मी मनापासून क्षमा मागते. आपण स्वतः जेवढे जाहीर लिहिले आहे, तेवढ्यापुरतेच मी येथे बोलते.

परंतु “औषध मुद्दाम 14 दिवसांत बाद होईल असे बनवतात, म्हणजे गिऱ्हाईक पुन्हा येते” हे वाक्य मला फार लागले. गुळण्यांच्या औषधातील लिडोकेन (बधिर करणारे), डायफेनहायड्रामाइन (ॲलर्जीवरचे) आणि अँटासिड (आम्लनाशक) या तिन्हींच्या मूळ बाटल्यांवर पुढच्या वर्षाची तारीख असताना एकत्र केल्यावर ती दोन आठवड्यांवर कशी येते, असे आपण विचारले आहे. ती तारीख सीलबंद बाटलीतल्या एकट्या घटकाची असते. सील उघडून तीन द्रव एकमेकांत मिसळले की तिचा आधार उरत नाही. मूळ द्रवांत थोडे परिरक्षक, म्हणजे द्रव खराब होऊ न देणारे द्रव्य, असले, तरी मिश्रणात ते जंतू रोखण्यापुरते उरते असे चाचणीशिवाय कोणताही औषधनिर्माता म्हणू शकत नाही. म्हणूनच अमेरिकी औषधसंहितेच्या, म्हणजे औषधांच्या प्रमाण नियमग्रंथाच्या, 795 क्रमांकाच्या प्रकरणात परिरक्षकाशिवायच्या पाणीयुक्त मिश्रणाला, तेही फ्रिजमध्ये ठेवल्यास, 14 दिवसांचीच मर्यादा घातलेली आहे. अल्कोहोल घालून मिश्रण अधिक टिकवता आले असते आणि माझे कामही वाचले असते. पण रेडिएशनने सोललेल्या तोंडात अल्कोहोलची चूळ भरणे म्हणजे काय यातना असतात, हे मी रुग्णांकडून ऐकले आहे. ते मी आपल्या वडिलांना देणार नव्हते, आणि कोणालाच देणार नाही.

आणखी एक गोष्ट लिहिताना मला संकोच वाटतो. आपण सतराव्या दिवशी बाटली परत आणलीत, तेव्हा तिच्या तळाशी पांढरा घट्ट थर बसलेला होता आणि वर जवळजवळ नितळ पाणी होते. याचा अर्थ ती प्रत्येक वेळी नीट हलवली जात नव्हती आणि वडिलांच्या तोंडात मिश्रण सारखे जात नव्हते. “हलवून वापरावे” असे लेबलावर लिहिलेले होते. अक्षरे बारीक आहेत, हे मात्र मान्य. “दोन तासांत पुन्हा दुखू लागते” ही आपली तक्रार खरी असेल, पण मी कधीही दिवसभराच्या आरामाचे वचन दिले नव्हते. डोके व मानेच्या रेडिएशनमुळे तोंड आलेल्या 275 रुग्णांवरच्या, 2019 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत याच मिश्रणाने पहिल्या चार तासांतील वेदना कमी झाल्या, आणि तो फरकही माफकच होता. हे औषध कर्करोगावर नाही, घास गिळता यावा यासाठी आहे. तोही बधिरपणा उतरल्यावर, कारण बधिर घशात घास अडकू शकतो.

आईंच्या मलमाविषयी थोडक्यात. त्यात असलेले मिरचीतील कॅप्सेसिन सुरुवातीला आग करतेच. ते दिवसातून तीन-चार वेळा, दोन ते चार आठवडे नियमाने लावले तरच वेदना पोहोचवणाऱ्या मज्जातंतूंची संवेदना बोथट होते. आपण ते चौथ्या दिवशी थांबवले. कातडीला फोड आले असतील तर थांबवणेच योग्य होते, आणि तसे असल्यास कृपया डॉक्टरांना दाखवावे.

“वनस्पतीजन्य औषधे ठेवता, मग कर्करोगावर पाला का देत नाही” असेही आपण विचारले आहे. सदाफुलीपासून व्हिनक्रिस्टिन मिळाले आणि यू वृक्षाच्या सालीपासून पॅक्लिटॅक्सेल, ही दोन्ही कर्करोगावरचीच औषधे. पण ती शुद्ध करून, मात्रा ठरवून, शिरेतून दिली जातात. पाल्याचा रस त्यांची जागा घेत नाही. आपण मागितलेल्या हळदीच्या कॅप्सूल रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर घेणेही धोक्याचे ठरू शकते, म्हणून त्या दिवशी मी नकार दिला. तो उर्मटपणा वाटला असेल, तर माझे शब्द चुकले. नकार चुकला नव्हता.

लेबलाची अक्षरे मोठी करण्याचे आणि लहान बाटल्यांत औषध देण्याचे आम्ही मनावर घेतले आहे, काउंटरवरही बोलणे झाले आहे. पुढची बाटली न्यायला याल तेव्हा मला बोलवावे. ती किती आणि कशी हलवायची, हे मी स्वतः दाखवीन. वडिलांना माझा नमस्कार सांगावा.