मुंबई-नागपूर साडेचार तासांत? तो मेसेज आधी डिलीट करा

'मुंबई ते नागपूर हवाई अंतर 680 किलोमीटर. विमानाचा वेग ताशी 850. म्हणजे 48 मिनिटं पुरेत, मग कंपन्या दीड तास का दाखवतात? ही लूटच! त्यापेक्षा समृद्धी महामार्ग घ्या. रस्ता 150च्या वेगासाठी बांधलाय, साडेचार तासांत घरी!' हा मेसेज आमच्या फॅमिली ग्रुपवर आला आणि डोंबिवलीच्या भाच्याने लगेच जाहीर केलं, "मावशी, रात्री जेवून निघतो, पहाटे चहाला नागपुरात." गाडीत दोन लहान मुलं असणार आहेत. म्हणून हे लिहिणं भाग आहे.

अंतर बरोबर आहे, गणित चुकीचं. 850 हा वेग विमान वर, सरळ उडत असतानाचा. चढताना आणि उतरताना तो बराच कमी असतो. तिकिटावरची वेळ तर गेटवरून हलल्यापासून दुसऱ्या गेटवर थांबेपर्यंतची. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. तिथे रांग लागते, आकाशात घिरट्या होतात. कंपन्या वेळापत्रकात थोडी जास्तीची वेळ धरतात, हे मात्र खरं. पण त्याला लूट कशी म्हणणार?

आता तो 150चा आकडा. रस्त्याची आखणी 150च्या वेगासाठी आहे, हे खरं. पण कारसाठी वेगमर्यादा 120 आहे, घाटात 100. आखणीचा वेग म्हणजे चालवायची परवानगी नव्हे. ज्या महामंडळाने हा रस्ता बांधला ते एमएसआरडीसी स्वतः मुंबई-नागपूर प्रवास 8 तासांचा सांगतं. बांधणाऱ्यांपेक्षा मेसेजवाल्याला जास्त कळतं का? समृद्धी 701 किलोमीटरचा आहे आणि तो भिवंडीजवळ आमणेला संपतो, मुंबईत नाही. पूर्ण वेळ 120ने गेलात, एकदाही थांबला नाहीत, तरी पावणेसहा तासांच्या वर जातात. कायदा मोडून 150ने गेलात तरी वाचणार जेमतेम सव्वा तास. त्यासाठी काय पणाला लावता? 120च्या तुलनेत 150ला ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला दीडपटीहून जास्त अंतर लागतं. दोन सेकंद डुलकी लागली तर गाडी 80 मीटरच्या पुढे गेलेली असते. सरळ, एकसुरी सिमेंटचा रस्ता, त्यात जेवून रात्री निघालेला एकटा ड्रायव्हर. डोळे उघडे असून मेंदू झोपतो, याचा अनुभव समृद्धीवर गाडी चालवणारे कितीतरी जण सांगतात. तासनतास तापलेले जुने टायर फुटतात ते वेगळंच. 1 जुलै 2023च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ बस उलटून पेटली, 25 माणसं गेली. तो अपघात एवढ्यात विसरलो आपण?

विमानानेही घर ते घर साडेचार-पाच तास जातात, हे कबूल. मुंबईत एअरपोर्टला पोचणं हाच एक प्रवास आहे, शिवाय चेक-इन तासभर आधी बंद होतं. पण त्यातून गाडी 150ने हाणा असं निघत नाही.

मेसेजच्या शेवटी आणखी एक शोध आहे: पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणून नागपूरहून मुंबईला विमान लवकर पोचायला हवं. अहो, पृथ्वीबरोबर हवाही फिरते आणि विमान त्या हवेतच उडतं. फरक पडतो तो वाऱ्याने. हिवाळ्यात वर जोराचा पश्चिमेचा वारा असतो, त्यामुळे उलट मुंबईहून नागपूरला येणारं विमानच काही मिनिटं लवकर पोचतं.