पाचारणाची दुसरी बाजू

काम म्हणजे 'पाचारण' (इंग्रजीत calling, आतून किंवा देवाकडून आलेली हाक) या विषयावरच्या एका लेखाला हे उत्तर. 'जे संशोधक आपलं काम हे पाचारण मानतात ते जास्त समाधानी असतात' या त्यातल्या वाक्यावर लेखक फार लवकर थांबले. समाधान असतं, खरंय. पण बंडरसन आणि थॉम्पसन या संशोधकांचा प्राणिसंग्रहालयातल्या कर्मचाऱ्यांवरचा २००९चा अभ्यास इथे हवाच होता. प्राण्यांची देखभाल हेच आपलं पाचारण मानणारे लोक पगार, वेळ, आराम सगळ्यावर पाणी सोडायला तयार असतात, आणि मग त्यांना राबवून घेणं सोपं जातं. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी हेच भोगलंय. रात्री दोन वाजता रिफ्लक्सला (द्रव उकळत ठेवून वाफ थंड करून परत आत सोडायची पद्धत) लावलेल्या फ्लास्कपाशी एकटी बसलेय, कारण 'विज्ञानावर निष्ठा असलेला माणूस घड्याळ बघत नाही' असं आमचे मार्गदर्शक म्हणायचे. (ते स्वतः सहाला घरी!)

आणि लेखात मार्टिन ल्यूथरचं, म्हणजे सोळाव्या शतकातल्या जर्मन ख्रिस्ती धर्मसुधारकाचं, नाव घेतलंत तर पुरतं घ्या ना. पाचारण फक्त मठात राहणाऱ्यांना नसतं, चांभारालाही असतं, बाळाची दुपटी धुणारा बापही देवाचंच काम करतो, असं त्याचं म्हणणं होतं. म्हणजे वेळेवर घरी जाणं हेही पाचारणच की. कार्यस्थळाच्या मानसशास्त्राने त्यातलं नेमकं नोकरीपुरतंच उचललं.