कुपर्टिनोत घर घ्या, आणि आत शिरल्यावर दार लावून घ्या

आधी पैशाचं बोलून घेऊ, कारण बाकी सगळं त्यावरच उभं आहे. कॅलिफोर्नियातल्या कुपर्टिनो गावात 1960 च्या आसपास बांधलेलं साधं, बैठं, तीन बेडरूमचं लाकडी घर तीस लाख डॉलरच्या आगेमागे जातं. त्याचे रुपये करत बसू नका. एकदा केले की तुम्हाला झोप येत नाही, आणि साताऱ्याच्या भावाला कळले तर त्यालाही येत नाही.

शनिवारी दुपारी ओपन हाऊसला, म्हणजे विकाऊ घर सगळ्यांना उघडं ठेवतात तेव्हा, बघायला जा. दारात बुटांवर चढवायच्या निळ्या पिशव्या असतील, त्या घाला. आतून कुकीजचा वास येईल. न्हाणीघरात मूळ मालकिणीच्या आवडीच्या गुलाबी टाइल्स असतील, आणि हॉलच्या एका कोपऱ्यात पाय पडला की जमीन कुरकुरेल. तिकडे दुर्लक्ष करा. तुमच्यासोबत दहा-बारा जोडपी फिरत असतील आणि त्यातलं कुणीही भिंतींकडे बघत नसेल. सगळ्यांच्या फोनवर शाळांच्या हद्दीचा नकाशा उघडलेला असेल, कारण घर ज्या हद्दीत, मुलाची शाळा तीच. तुम्हीही तोच बघा. तुम्ही शाळा विकत घेताय, वर घर फुकट मिळतंय, असं समजलं की किंमत एकदम वाजवी वाटायला लागते.

गावाचं नावही अभ्यासाला साजेसंच आहे. 1776 मध्ये स्पॅनिश मोहीम या बाजूने गेली, तेव्हा त्यांनी इथल्या ओढ्याला इटलीतल्या कोपर्तिनो गावच्या संत जोसेफचं नाव दिलं. हा सतराव्या शतकातला साधू अभ्यासात अगदीच ढ. परीक्षेत नेमकं येत होतं तेवढंच विचारलं गेलं म्हणून पास झाला, अशी त्याची कथा आहे. पुढे तो प्रार्थना करता करता हवेत तरंगायचा म्हणे. म्हणून आज तो वैमानिकांचा आणि परीक्षार्थींचा पालक संत मानला जातो. आपण पेपरच्या आदल्या दिवशी गणपतीला दूर्वा वाहतो, तसे युरोपातले विद्यार्थी याला साकडं घालतात. एवढ्याशा भांडवलावर संतपद मिळवलेल्या माणसाच्या नावाचं हे गाव, आणि इथे सातवीतल्या मुलाला फक्त स्वतःच्या इयत्तेचं गणित येत असेल तर पालक शेजाऱ्यांची नजर चुकवतात. संताचं नाव मुलाला सांगू नका. उगाच धीर येईल त्याला.

गाव कसं आहे, असं भारतातून कुणी विचारलं तर काय सांगायचं, तेही ठरवून ठेवा. रेल्वे स्टेशन नाही. डाउनटाउन नाही. मुख्य रस्ता नव्हता, म्हणून दुकानं-हॉटेलांची एक वसाहत बांधून तिचंच नाव ‘मेन स्ट्रीट’ ठेवलंय. ‘ब्लॅकबेरी फार्म’ आहे, ते शेत नाही, पार्क आहे. पूर्वी हे सगळं खोरं जर्दाळू, चेरी आणि प्रून्सच्या बागांचं होतं. ती झाडं तोडून तिथे बैठी घरं झाली, आणि आता त्या घरांच्या जागी चार मजले चढवायचे म्हटलं की लोक म्हणतात, गावाचं निसर्गसौंदर्य जाईल.

पाहुणे आले की अॅपल पार्क दाखवावंच लागतं. 2017 साली उघडलेलं अॅपल कंपनीचं हे मुख्यालय म्हणजे काचेचं प्रचंड कडं, आत बारा हजार माणसांची सोय, भोवती हजारो झाडं. पाहुण्यांना यातली फक्त झाडं दिसतील. व्हिजिटर सेंटरच्या गच्चीवरून पानांच्या फटीत छपराची एक कड दिसते, तिच्यासमोर सगळ्यांना उभं करून फोटो काढा. आवारात 1916 सालचं एक लाकडी कोठारही जपून ठेवलंय. म्हणजे बागा गेल्या तरी बागेची अवजारं ठेवायची जागा शाबूत आहे.

आईवडील सहा महिन्यांसाठी आले की त्यांना सकाळी मेमोरियल पार्कात सोडा. तिथे बाकांवर आपल्याकडची बरीच मंडळी भेटतात. अंगात मुलाच्या कंपनीचं जाकीट, पायात पांढरे बूट, डोक्याला माकडटोपी. तिथे कुणी नावाने ओळख करून देत नाही. ‘तुमचं कोणतं?’ ‘आमचं गूगल. थोरलं. धाकटं एनव्हिडिया.’ मग एनव्हिडियावाल्या आजोबांना बाकावर जरा जास्त जागा मिळते. वडील एमएसईबीतून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेत हे त्यांनी पहिल्या दिवशी सांगून पाहिलं तर सांगू द्या, दुसऱ्या दिवशी आपोआप थांबतील.

आता मुख्य मुद्दा. घर ताब्यात आलं, किल्ली मिळाली, वास्तुशांत झाली (अग्निकुंड गॅरेजमध्ये, धुराचा अलार्म काढून), की त्याच संध्याकाळपासून तुम्ही जुने गावकरी. यापुढे गावात एकही नवं घर होता कामा नये. यात लाजण्यासारखं काही नाही, गावाचा जन्मच त्यातून झालाय. आजूबाजूची शहरं, विशेषतः सॅन होजे, जमीन गिळत सुटली होती, म्हणून 1955 मध्ये इथल्या लोकांनी मतदान घेऊन स्वतंत्र नगर केलं. बाजूने 225, विरोधात 183. आपल्याकडे एखाद्या मोठ्या सोसायटीच्या निवडणुकीला याहून जास्त मतं पडतात.

व्हॅल्कोची गोष्ट तोंडपाठ करा. 1976 मध्ये गावात या नावाचा मोठा मॉल उघडला. चालला, रखडला, ओस पडला. त्या जागेवर घरं, ऑफिसं आणि छपरावर तीस एकरांची बाग असा आराखडा आला. 2016 च्या नोव्हेंबरमध्ये लोकांसमोर दोन ठराव ठेवले: एक हे बांधकाम होऊ देणारा, दुसरा असल्या बांधकामाला लगाम घालणारा. गावाने दोन्ही पाडले. याला म्हणतात समतोल. शेवटी राज्याच्या नव्या कायद्याचा आधार घेऊन मालकाने मंजुरी मिळवली आणि 2018 मध्ये मॉल पाडायला घेतला. मग कितीतरी वर्षं तिथे कुंपण आणि माती. त्या मातीवरून जाताना गाडी थोडी हळू करा आणि शेजारी बसलेल्याला सांगा, ‘इथे पूर्वी खूप छान होतं.’ तुम्ही 2021 मध्ये आलात हे त्याला माहीत नसतं.

राज्य सरकार मध्येमध्ये त्रास देतं. 2023 ते 2031 या काळात 4,588 घरांची तरतूद करा, असं गावाला सांगितलं गेलं. आराखडा द्यायची मुदत 31 जानेवारी 2023 होती. ती हुकली, कोर्टात दावा आला. यावर तुमचं उत्तर तयार हवं: ‘घरांना विरोध नाही, पण ट्रॅफिकचं काय?’ हे वाक्य गाडीत एकट्याने बसून, ट्रॅफिकमध्ये अडकलेलं असताना म्हणून बघा. छान जमतं.

कराचं मात्र कुणाशी बोलू नका. 1978 च्या प्रपोझिशन 13 या राज्याच्या कायद्यामुळे घरपट्टी खरेदीच्या किमतीवर ठरते, आणि तो आकडा वर्षाला फार तर दोन टक्के वाढतो. त्यामुळे शेजारच्या आजी, ज्यांनी असंच घर तेव्हाच्या भावाने घेतलं, त्या भरतात त्याच्या कितीतरी पट तुम्ही भरता. पहिल्या वर्षी हा अन्याय वाटतो. दहाव्या वर्षी हाच कायदा राज्याचा आधारस्तंभ वाटायला लागतो.

एक लहानशी अडचण आहे. घरं इतकी महाग झाली की लहान मुलं असलेल्या कुटुंबांना परवडेनात, आणि वर्गातली मुलं घटत गेली. 2021 मध्ये प्राथमिक शाळा चालवणाऱ्या मंडळाने, म्हणजे स्कूल डिस्ट्रिक्टने, दोन शाळा बंद करायचं ठरवलं. शाळांसाठी वाढलेल्या भावाने शाळा बंद झाल्या, असं कुणी म्हटलं तर विषय बदला. हवेचा विषय कायम उपलब्ध असतो. इथली हवा खरंच चांगली आहे.

आणि सिटी कौन्सिलच्या बैठकीला जायला विसरू नका. चिठ्ठी भरून दिली की माइकवर तीन मिनिटं मिळतात. गावाचं ‘कॅरॅक्टर’, सावल्या, पार्किंग, हे तीन शब्द आले पाहिजेत. तुमच्यानंतर एक तरुण बाई उठेल, हातातला कागद थरथरत असेल, आणि ती घरांच्या बाजूने बोलेल. बोलणं अर्धवट असताना घंटा वाजेल. बाहेर पार्किंगमध्ये ती तुम्हाला ओळखेल, कारण ती तुमच्या मुलाची गणिताची शिक्षिका आहे. ‘तो खूप छान करतोय,’ म्हणेल. तुम्ही मनापासून आभार माना. तिला अजून दीड तास गाडी चालवून ट्रेसी गावी, आपल्या घरी जायचंय. तुमचं घर दोन गल्ल्यांवर आहे, तुम्ही चालत निघा.