मामाचा दंड

ताई बाळंतपणाला माहेरी आलीय, पोरगी दोन महिन्यांची झाली, आणि पावसाळा तोंडावर आला तसं बाळाच्या डॉक्टरांनी फर्मान काढलं की घरातल्या सगळ्यांनी फ्लूची लस घ्या. मी आशेने विचारलं, बाळालाच द्या की! तर म्हणे सहा महिन्यांच्या आत ही लस देतच नाहीत, म्हणून आजूबाजूच्या मोठ्यांनी टोचून घ्यायचं. थोडक्यात भाचीची तटबंदी माझ्या दंडावर.

खरं सांगतो, वय 41 आहे पण सुई दिसली की पोटात गोळा येतो. म्हटलं डॉक्टर, 2009 ला अख्खं पुणं तोंडाला रुमाल बांधून फिरत होतं, तेव्हा मला साधी शिंक आली नाही. तर म्हणे तो स्वाइन फ्लूवाला एच-वन-एन-वन गेलाय कुठे, या लसीत त्याचाही बंदोबस्त असतो. आणि हो, व्हायरस रूप बदलतो म्हणून लस दरवर्षी घ्यायची.

दरवर्षी!!

पंचाहत्तरीचे बाबा बाही वर करून आधीच बसलेले. नर्सबाईंना दंडावरचा देवीचा वण दाखवून म्हणाले, "हे लहानपणी टोचलंय, हूं की चूं केलं नव्हतं." मग माझा नंबर. बाई म्हणाल्या हात सैल सोडा, मी सोडला, तो दुसराच हात होता. डोळे मिटून कुलदैवताचं नाव घेतलं, ते पुरतं घेऊन होईस्तोवर बाई म्हणतात झालं, उठा. अर्ध्या मिलीसाठी एवढा तमाशा.

रात्री दंड ठणकला, थोडी कणकण आली. ऑफिसातला एक ज्ञानी म्हणाला बघ, लसीनेच फ्लू होतो. अरे, त्यात मारलेला व्हायरस असतो, मेलेला काय डोंबलाचा फ्लू देणार! पण आईपुढे मात्र मी जरा जास्तच कण्हलो, तर ती म्हणाली डावा दुखतोय ना, मग उजव्याने भाजी निवड.

त्यात ताईने कुठेतरी वाचलं की अंगात ताकद तयार व्हायला दोन आठवडे लागतात, तोवर भाचीचं दर्शन उंबऱ्यातून. चौदाव्या दिवशी कोपरापर्यंत हात धुऊन मांडी घालून बसलो, ताईने पोरगी मांडीवर ठेवली, तिने माझ्या तोंडाकडे नीट बघितलं आणि असं भोकाड पसरलं की सुईला मीसुद्धा एवढा घाबरलो नव्हतो.