नापास व्हायचं तर नीट व्हा

अमेरिकेतल्या सरकारी शाळेत तुमचं पोरगं वाचताना अडखळतंय, आणि कुणीतरी सांगितलंय की तिथे 'स्पेशल एज्युकेशन', म्हणजे अडचण असलेल्या मुलांसाठीची खास शिकवणी, फुकट मिळते. खरं आहे. १९७५ पासून तसा कायदाच आहे. फक्त मूल पात्र ठरावं लागतं, आणि तिथेच आपली मराठी माणसं कमी पडतात. पहिला नंबर आणायची सवय पिढीजात. पद्धतशीर नापास होण्याचा सराव कुणालाच नाही.

घात रोज संध्याकाळी डायनिंग टेबलावर होतो. तिसरीतलं पोरगं 'बिकॉज'चं स्पेलिंग एकाच पानावर तीन तऱ्हांनी लिहितं. तुम्ही ऑफिसातून येऊन, कुकर लावून, दीड तास त्याच्याशेजारी बसता. धडा तुम्ही वाचता, तो ऐकून पाठ करतो आणि शुक्रवारच्या चाचणीत दहापैकी आठ आणतो. झालं, केलंत वाटोळं! नुसत्या डिस्लेक्सियाच्या, म्हणजे वाचन-लेखनातल्या अडचणीच्या, निदानावर भागत नाही. कायद्यातल्या अपंगत्वाच्या तेरा प्रकारांपैकी एकात मूल बसायला हवं, त्या अडचणीचा शिक्षणावर वाईट परिणाम दिसायला हवा आणि त्याला खास शिकवणीची गरज आहे हेही पटायला हवं. परिणाम दिसायचा तो तुमच्या दीड तासाने पुसून टाकला. वर शनिवारी ट्यूशन लावली असेल, तर विषयच संपला. (मूल नापास झालेलं नसलं, वरच्या वर्गात जात असलं, तरी हक्क जात नाही, असंही नियमांत लिहिलंय. पण ते वाचून मीटिंगला जाऊ नका, उगाच वातावरण बिघडतं.)

तपासणीची मागणी नेहमी तोंडी करावी. शाळा सुटताना टीचरला गाठून "जरा बघा ना" एवढंच म्हणावं. "थोडा वेळ देऊया," असं गोड उत्तर मिळेल. न्यू जर्सीत लेखी अर्ज पोचला की शाळेच्या सुट्ट्या वगळून वीस दिवसांत, तपासणी करायची का हे ठरवायला, बैठक घ्यावी लागते. बिचाऱ्यांना अशी घाई करणं बरं दिसत नाही.

घरी मराठी बोलता, हे आवर्जून सांगा. "दोन भाषांमुळे होतंय हो," यावर वर्ष-दीड वर्ष आरामात निघतं. रविवारच्या मराठी शाळेत तो 'क' आणि 'फ'मध्येही असाच घोळ घालतो, हे मात्र बोलू नका. अडचण इंग्रजीची नाहीच, असं कुणाच्या लक्षात आलं तर?

आजींचा सल्लाही घ्यावा. "आमच्या घराण्यात असलं काही नाही. याचा बाप चौथीपर्यंत धड वाचत नव्हता, झालाच ना इंजिनिअर?" हे वाक्य पुन्हा ऐका, मग लगेच विसरा.

तपासणीनंतर पात्रता ठरवायच्या बैठकीत समोर शाळेचे पाचसहा जण, इकडे तुम्ही, मध्ये टिश्यूचा डबा. सगळे आधी मुलाचं कौतुक करतील. कौतुक लांबलं की ओळखायचं. न्यू जर्सीत तपासणीचे अहवाल दहा दिवस आधी हातात पडायला हवेत, मागू नका. तिथेच चाळा. बुद्धिमत्ता ११२, वाचन ८६, आणि दोन्ही आकडे म्हणे सरासरीच्या पट्ट्यात. मधल्या सव्वीस गुणांचं काय, हा प्रश्न गिळा. निर्णयासाठी केलेली तपासणी पटली नाही, तर शाळेच्या खर्चाने बाहेरच्या तज्ज्ञाकडून करून मागता येते. पण मग मंडळाच्या गणपतीत चार लोक विचारतील, त्याचं काय?

टेक्सासात हे कष्टही नव्हते. २००४ मध्ये राज्यानेच आकडा ठरवला, साडेआठ टक्के. त्याहून जास्त मुलं या सेवेत असली, तर त्या भागाच्या शाळा-प्रशासनाचा शेरा खराब व्हायचा. पुढच्या दहाएक वर्षांत राज्यातली अडचणीची मुलं घटत घटत बरोब्बर साडेआठ टक्क्यांवर आली. केवढी शिस्त! २०१८ मध्ये अमेरिकेच्या शिक्षण खात्याने यात कायदाभंग झाल्याचं सांगितलं, तोवर त्यातली कित्येक मुलं शाळेबाहेर पडली होती.

इतकं जपूनही मूल चुकून पात्र ठरलंच, तर घाबरू नका. निदान तीन वर्षांतून एकदा फेरतपासणी असते. तोवर खास शिकवणीने ते वाचायला लागलेलं असेल. मग "आता तर छान वाचतोय, गरज काय?" असं टेबलापलीकडून कुणीतरी विचारेलच. जाताना पेढे न्या.