पोट न बघताच पॅकेज?

डोकं फिरलंय माझं! बाळंतपणानंतर पोटावर स्ट्रेच मार्क्स राहिले, लेझरची चौकशी करावी म्हणून कोथरूडमधल्या एका क्लिनिकमध्ये गेले. डॉक्टर? ते फक्त शनिवारी येतात म्हणे. समोर बसली काउन्सेलर, हातात टॅब. पोट बघायच्या आधीच सुरू, "मॅम, सहा सेशनचं पॅकेज घ्या, आज बुक केलंत तर एक फ्री, ईएमआय पण होईल."

अगं बाई, रेघा लाल आहेत की पांढऱ्या पडल्यात, एवढं तरी विचार! सगळा खेळ त्यावरच तर आहे. ताज्या लालसर-जांभळ्या रेघांमध्ये रक्तवाहिन्या असतात, म्हणून ५९५ नॅनोमीटर तरंगलांबीचं पल्स्ड डाय लेझर त्यांची लाली उतरवू शकतं. एकदा पांढऱ्या पडल्या की ते लेझर फारसं कामाचं नाही. मग फ्रॅक्शनल सीओटू नाहीतर अर्बियम, ही दुसरी लेझरं. ती त्वचेत बारीक बारीक भोकं पाडतात, म्हणजे भरून येताना नवं कोलॅजन (कातडीला बळकटी देणारं प्रथिन) तयार होतं. त्यानं रेघ जरा फिकट होते, खोलगटपणा कमी होतो. समूळ जात नाही, कारण इजा आतल्या थरात झालेली असते. आणि ही बया म्हणते "शंभर टक्के गायब"!

वर आपली कातडी गव्हाळ-सावळी. लेझरनंतर तिथेच काळे डाग उठायचा धोका गोऱ्या कातडीपेक्षा आपल्याला जास्त, आणि ते जायला महिनोन्महिने लागतात. म्हटलं, आधी एवढ्याशा जागेवर टेस्ट करून बघू. तर उत्तर काय, "त्याची गरज नसते मॅम, मशीन यूएसचं आहे." मशीन यूएसचं असेल, पोट पुण्याचंय ना!

आणि ते बिफोर-आफ्टरचे फोटो. बिफोर पिवळ्या बल्बखाली, पोट सैल सोडून. आफ्टर रिंग लाइटमध्ये, श्वास आत ओढून. नीट बघितलं तर बेंबीसुद्धा वेगळी! दोन बायकांची पोटं शेजारी लावून मला रिझल्ट दाखवतायत.

कन्सल्टेशनचे पैसे पॅकेज घेतलं तर वळते होणार, नाही घेतलं तर गेले. गेलेच. नंबर मात्र तिनं ठेवून घेतलाय. गणपतीत मेसेज, 'ऑफरचे शेवटचे दोन दिवस'. काल पुन्हा आला, 'नवरात्र स्पेशल, शेवटचे दोन दिवस'. ब्लॉक केलं तर आता दुसऱ्या नंबरवरून येतायत.