सेवा आपोआप सुरू न करणे हा आळस नव्हे : एका प्रतिक्रियेला उत्तर

फ्रीबीएसडी या युनिक्स धर्तीच्या प्रणालीसाठी एका छोट्या कार्यनियोजकाचे, म्हणजे ठरलेली कामे आपोआप चालवणाऱ्या साधनाचे, पॅकेज मी कसे बांधले, या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. तीत चार आक्षेप आहेत. ठरल्या वेळी कामे चालवणारा क्रॉन मुळातच असताना हे वेगळे साधन कशाला, मॅन पेजमध्ये (साधनाच्या माहितीपानात) कॉन्फिगरेशन फाइलचा मार्ग चुकीचा आहे, मूळ प्रकल्पासोबत येणाऱ्या चाचण्या पोर्टमधून (फ्रीबीएसडीवर पॅकेज बांधण्याच्या कृतीतून) चालवता येत नाहीत, आणि चौथा आपल्याच शब्दांत : "इन्स्टॉल केल्यावर सेवा सुरूसुद्धा होत नाही, हा पॅकेज बांधणाऱ्याचा निव्वळ आळस आहे." पहिले तीन आपण बऱ्यापैकी सभ्यपणे मांडले आहेत. चौथ्याबद्दल मात्र मला सविस्तर लिहिणे भाग आहे.

मॅन पेजची चूक आधी मान्य करतो. मूळ साधन लिनक्ससाठी लिहिलेले असल्याने ते आपली फाइल 'ईटीसी' या फोल्डरमध्ये शोधते. फ्रीबीएसडीत ती जागा बेस सिस्टीमची, म्हणजे प्रणालीच्या मूळ संचाची, असून पोर्टमधून आलेल्या साधनांच्या फाइली 'युएसआर-लोकल-ईटीसी'मध्ये जातात. कोडमधला मार्ग मी बदलला आणि मॅन पेजमधला राहून गेला. दुरुस्ती तयार आहे, दाखवून दिल्याबद्दल आभार.

आता आळस. फ्रीबीएसडीत पोर्टने आपली सेवा स्वतःहून सुरू करू नये, असा संकेत आहे. पॅकेजसोबत सेवा चालू-बंद करणारी आरसी.डी स्क्रिप्ट येते, तिच्यातील 'एनेबल' या चलाचे मूळ मूल्य 'नो' असते, आणि यंत्राची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याने आरसी.कॉन्फ या यंत्राच्या सेटिंगच्या फाइलमध्ये 'येस' लिहिल्याशिवाय काहीही सुरू होत नाही. डेबियन या लिनक्समध्ये रीत उलटी आहे. तिथे सेवा असलेले पॅकेज बसवले की ती सेवा बहुधा लगेच चालू होते. आपण तिकडून आला असाल, तर त्यात गैर काही नाही. पण आपल्या घरची रीत दुसऱ्याच्या घरी दिसली नाही म्हणून यजमानाला आळशी म्हणण्याआधी निदान कोणाच्या घरी आलो आहोत, एवढे पाहायला हवे होते. शिवाय 'नो' लिहायला जेवढा वेळ लागतो तेवढाच 'येस' लिहायलाही लागतो, तेव्हा यात माझे श्रम नेमके कुठे वाचले, ते मला अजून उमगलेले नाही.

आणि इथे प्रश्न केवळ संकेताचाही नाही. हे साधन अ‍ॅनाक्रॉनच्या घराण्यातले आहे : प्रत्येक काम शेवटचे कधी झाले याची नोंद ते ठेवते, आणि मुदत उलटून गेलेली कामे चालू होताच उरकून घेते. नव्याने बसवलेल्या यंत्रावर अशी नोंदच नसते, त्यामुळे नमुना फाइलमधले प्रत्येक काम त्याच्या दृष्टीने थकीतच ठरते. अशा साधनाने रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या, अधिकाराने, कोणी ती फाइल उघडून पाहण्याआधीच कामाला लागावे, हे आपल्याला खरोखर हवे आहे का? वेब सर्व्हर चुकून सुरू झाला तर फार तर एक पोर्ट उघडा पडतो (हा नेटवर्कचा 'पोर्ट' निराळा, गैरसमज नको). कार्यनियोजक चुकून सुरू झाला तर तो कामे करून मोकळा होतो.

हे मी पुस्तकातून शिकलेलो नाही. उमेदवारीच्या काळात, एका वेगळ्या प्रणालीवर, जुन्या फाइली साफ करणारे एक पॅकेज मी बसवले होते. किती दिवसांपूर्वीच्या फाइली जुन्या मानायच्या, तो आकडा बदलण्यासाठी मी एडिटर उघडेपर्यंत सेवा सुरू झाली होती आणि सफाईही आटोपली होती. त्यानंतरची रात्र मी बॅकअपमधून फाइली परत आणण्यात काढली. आपण ज्याला आळस म्हणता, त्याची किंमत मी अशी आगाऊ भरलेली आहे. ज्याने तसे काही भोगलेले नाही, त्याला हा सगळा अतिसावधपणा वाटणे स्वाभाविक आहे.

या पॅकेजवर खर्च झालेला वेळही लेखात पुरेसा आला नव्हता, ही माझी चूक असेल. मूळ कोड प्रत्येक काम बॅश या शेलमधून, म्हणजे आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्राममधून, चालवत असे. फ्रीबीएसडीच्या बेस सिस्टीममध्ये बॅश नसते, आणि बसवले तरी ते 'युएसआर-लोकल-बिन'मध्ये जाते. परिणामी साधन निमूटपणे बांधले जाई, चालू होई आणि एकही काम करत नसे. ते बेस सिस्टीममधल्या साध्या 'एसएच' शेलवर आणणे आणि मग पुद्रिएर या बांधणीच्या साधनात, म्हणजे कोऱ्या जेलमध्ये (बंदिस्त वातावरणात), पुन्हा पुन्हा बांधून पाहणे, यात माझे दोन शनिवार-रविवार गेले. आळशी माणसाने बॅश हे अवलंबित्व म्हणून मेकफाइलमध्ये (बांधणीच्या सूचनांच्या फाइलमध्ये) एका ओळीत टाकून दिले असते.

क्रॉन असताना हे कशाला, याचे उत्तर लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात आहे, तिथपर्यंत आपण पोहोचला असाल असे धरून चालतो. फ्रीबीएसडीची रोजची देखभाल क्रॉन पहाटे ३ वाजून १ मिनिटाने सुरू करतो. त्या वेळी ज्याचा लॅपटॉप बंद असतो, त्याच्याकडे ती त्या दिवशी होतच नाही.

चाचण्यांच्या मुद्द्यात तथ्य असेलही. परंतु चाचण्या मूळ लेखकाच्या, त्यांची गृहीतके लिनक्सची, आणि पोर्ट त्यांच्यावाचूनही व्यवस्थित बांधला जातो. त्यावर आज अधिक लिहीत नाही.

मॅन पेजची दुरुस्ती पोर्टरिव्हिजन (पोर्टच्या सुधारणेचा क्रमांक) एकने वाढवून या आठवड्यात पाठवतो आहे. सेवा सुरू करण्यासाठी आपल्याला 'सर्व्हिस' ही आज्ञा दोनदा द्यावी लागेल, एकदा 'एनेबल'सह आणि एकदा 'स्टार्ट'सह. दोन्ही मिळूनसुद्धा आपल्या त्या चौथ्या वाक्यापेक्षा आखूडच आहेत.